सिरीयल नंबर कुठे ठेवला आहे?

आपल्या मंडळात आम्ही चौघे जण असे आहोत की ज्यांना दिसत नाही आणि ज्यांचे रोजचे काम संगणकावर चालते. एक जण नोकरी करतो, एक जण शिकवण्या घेते, दोघांचे शिक्षण अजून चालू आहे. संगणक बोलतो, आम्ही ऐकतो. बोलणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे लिहिलेले असेल ते तो वाचून दाखवतो आणि आम्ही माउसला हात न लावता कीबोर्डवरून सगळे करतो. मंडळाच्या कार्यक्रमांत आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, "तुम्ही टायपिंग कसे करता हो?" टायपिंगचे काही विशेष नाही. सवयीने डोळसही न बघताच टाइप करतात. आम्हाला जड जाते ते भलतेच काम, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. ते म्हणजे सॉफ्टवेअरचे सिरीयल नंबर सांभाळणे.

आमच्यातल्या एकावर आलेला प्रसंग सांगतो, म्हणजे हे एवढे मोठे काम का आहे ते कळेल.

त्याचा संगणक फार हळू चालू लागला म्हणून त्याने तो दुरुस्तीला दिला. दुरुस्ती करणाऱ्याने हार्ड डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने टाकले आणि "एकदम नया कर दिया" म्हणून परत दिला. त्याच्या हिशेबाने काम चोख झाले होते. घरी आणून चालू केला तर संगणक मुका. स्क्रीन रीडर गेलेला. तो विकतचा होता, हजारो रुपयांचा, आणि पुन्हा चालू करायला त्याचा कोड हवा होता. कोड दोन ठिकाणी होता. एक सीडीच्या डब्यावर, आणि तो डबा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेला होता, कारण घरच्यांना ती जुनी गाण्यांची सीडी वाटली. दुसरा त्याच संगणकातल्या एका फाईलमध्ये. ती फाईल पुसली गेली होती, आणि पुसली गेली नसती तरी वाचून दाखवणार कोण? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेतल्यासारखे झाले.

सीपीसीटीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. (आपल्याकडे मध्य प्रदेशात सरकारी कारकुनी नोकरीसाठी सीपीसीटी लागते. पलीकडे रावेरात गेले की लोक एमएस-सीआयटीबद्दल बोलतात. सीमेवर राहण्याचे असे दोन-दोन हिशेब आपल्याला सवयीचे आहेत.) त्यातले अकरा दिवस कोड शोधण्यात गेले. विकणाऱ्यांकडे खरेदीची नोंद होती, पण ती कोणत्या ई-मेलवर केली ते त्याला आठवेना. शेवटी भुसावळच्या ताईला विचारले. चार वर्षांपूर्वी पैसे तिनेच भरले होते आणि ई-मेलही तिचाच दिला होता. तिच्या जुन्या मेलमध्ये कोड सापडला. त्या दिवसापासून आम्ही चौघांनी हे नंबर नीट लावून ठेवायचे ठरवले. त्यातून जे शिकलो ते इथे लिहीत आहोत. आपल्या घरात, नात्यात कोणी दृष्टिहीन संगणक वापरत असेल तर त्यांना वाचून दाखवा. ज्यांची नजर आता अधू होत चालली आहे अशा काका-आजोबांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लोक सगळ्यालाच 'सिरीयल नंबर' म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. यंत्राचा सिरीयल नंबर लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवलेला असतो आणि वॉरंटीसाठी फोन केला की तोच मागतात. डेल कंपनी त्याला सर्व्हिस टॅग म्हणते, तो ७ अक्षरी असतो. प्रॉडक्ट की म्हणजे प्रोग्राम विकत घेतल्याचा पुरावा. विंडोजची की २५ अक्षरी असते, पाच-पाचच्या पाच गटांत. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे ती की या विशिष्ट यंत्राला जोडणे. काही प्रोग्राम हे ठरावीक वेळाच करू देतात, म्हणून संगणक बदलण्याआधी जुन्यावरून परवाना काढून घ्यावा लागतो. आणि हल्ली चौथी गोष्ट आली आहे, खाते. पुष्कळ प्रोग्रामांना आता नंबर नसतोच, परवाना ई-मेल खात्याला बांधलेला असतो. तिथे नंबराऐवजी 'कोणता ई-मेल' हे लक्षात ठेवावे लागते. वरच्या प्रसंगात खरा खोळंबा याच गोष्टीने झाला होता.

विंडोजपुरते काम थोडे सोपे झाले आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून नव्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. पुन्हा तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप उचलली जाते. म्हणून नव्या लॅपटॉपखाली कीचा कागद सापडला नाही तर घाबरू नका. जुन्या डेस्कटॉपच्या डब्यावर मात्र तो अजून असतो, हात लागून लागून पुसट झालेला.

आता मुख्य अडचण. हे नंबर ज्यांनी बनवले त्यांनी डोळ्यांचा विचार केला, कानाचा केला नाही. विंडोजच्या जुन्या कीचेच घ्या. वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून तिच्यात ए, ई, आय, ओ, यू हे स्वर घेतलेले नाहीत, एल, एन, एस आणि झेड नाहीत, आणि शून्य, एक, पाच हे अंकही नाहीत. म्हणजे ओ की शून्य, आय की एक, एस की पाच असे प्रश्नच येऊ नयेत. उरतात १७ अक्षरे आणि ७ अंक, मिळून २४ चिन्हे. (विंडोज ८ पासूनच्या कीमध्ये एन दिसतो, बाकी तसेच.) डोळ्यांसाठी ही सोय छान झाली. पण त्या २४ चिन्हांत बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही आणि थ्री ही आठ आहेत, आणि कानाला ही आठही जवळपास सारखी. म्हणजे एक तृतीयांश! २५ अक्षरांच्या कीमध्ये साधारण आठ ठिकाणी ऐकणारा चुकू शकतो. शिवाय जे आणि के, एच आणि एट यांची गल्लत वेगळीच.

त्यातून आपले बऱ्हाणपूर. शेजारी पॉवरलूमची खटखट चालू, फोनवर भाचा जळगावहून की वाचून दाखवतोय, आणि आम्ही इकडे ओरडतोय, "बी का डी? डी का पी?" अंकांचीही गंमत आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, संगणकात इंग्रजी. दुकानदार हिंदीत "दो, नौ" असे भरभर म्हणाला की मराठी कानाला 'दोन' ऐकू येते आणि एक अंक गळतो. सात आणि साठ दोन्ही भाषांत आहेत आणि दोन्ही भाषांत गोंधळ घालतात. जोडीने अंक सांगणारे लोक तर फार धोक्याचे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे मराठीत, आणि उनसठ, उनहत्तर, उनासी हे हिंदीत, फोनवर कोणी सांगितले तर पुन्हा विचारल्याशिवाय लिहूच नये. आमचा नियम असा की अंक एकेक करूनच घ्यायचा आणि इंग्रजीतच घ्यायचा. सांगणाऱ्याला आधीच तसे बजावायचे.

अक्षरांसाठी रेडिओवाले आणि विमानवाले अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात. स्क्रीन रीडरही तेच शब्द बोलतो. पण घरच्यांना ते पाठ नसतात, आणि ऐन वेळी 'व्ही म्हणजे काय बरे' म्हणून अडतात. मग आम्ही आपल्या पट्ट्यातली गावे लावली. बी बऱ्हाणपूरचा, सी चाळीसगावचा, डी धुळ्याचा, एफ फैजपूरचा, जी गोंदियाचा, एच हरद्याचा, जे जळगावचा, के खंडव्याचा, एम मनमाडचा, एन नेपानगरचा, पी पाचोऱ्याचा, आर रावेरचा, टी तापीचा, वाय यावलचा. आमच्यापैकी कोणाच्याही घरी हे शिकवावे लागले नाही. अर्धी नावे तर गाडीत बसले की कानावर पडतात. एके ठिकाणी आम्ही स्वतःच चुकलो. व्ही वरणगावचा आणि डब्ल्यू वर्ध्याचा असे ठरवले होते. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ते बरोबर, पण मराठी माणसाला दोन्हीकडे 'व'च ऐकू येतो, आणि एका कीमध्ये दोन्हींची अदलाबदल झाली. डब्ल्यू हे नाव इतके वेगळे आहे की त्याला गावाची गरजच नाही. म्हणून वर्धा काढून टाकले, वरणगाव ठेवले. क्यू आणि एक्स यांनाही गाव लावले नाही, ते तसेच कळतात.

नंबर एकदा मजकूर म्हणून संगणकात आला की परिस्थिती उलटी होते. ओ आहे की शून्य, हे कागदावर बघून डोळसाला सांगता येत नाही. आमच्या स्क्रीन रीडरला तो प्रश्नच पडत नाही. संगणकाच्या लेखी दोन्ही वेगळी चिन्हे आहेत आणि तो ती वेगळीच बोलतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये उजवीकडच्या अंकपट्टीवरचे २ हे बटण एकदा दाबले की कर्सरखालचे अक्षर बोलते, पटकन दोनदा दाबले की 'ब्राव्हो', 'डेल्टा' असे शब्दासह बोलते. जॉज वापरणाऱ्यांसाठी तेच काम अंकपट्टीवरचे ५ करते. कोणी कितीही खात्रीने की लिहून दिली तरी आम्ही या पद्धतीने एकेक अक्षर तपासतो. २५ अक्षरांना पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे काढावीत.

पण कागदावरून संगणकात आणायचे कसे? हल्ली फोन मदत करतो. मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय हे अ‍ॅप २०१७ मध्ये आधी आयफोनवर आले, २०२३ च्या डिसेंबरपासून अँड्रॉइडवरही आहे, आणि फुकट आहे. कॅमेरा स्टिकरवर धरला की ते अक्षरे वाचते. आमचा अनुभव असा की साधे पत्र ते उत्तम वाचते, पण कीमध्ये चुकते, कारण वाक्यात चुकलेले अक्षर अर्थावरून सुधारता येते, कीला अर्थच नसतो. इथे ती वगळलेली अक्षरे कामी येतात. विंडोजची की वाचताना फोन 'एस' म्हणाला किंवा 'झीरो' म्हणाला तर समजावे की वाचण्यात चूक झाली आहे, कारण ती चिन्हे तिच्यात असूच शकत नाहीत. फोन थोडा दूर धरून, खोलीतला दिवा लावून पुन्हा वाचावे. (दिवा लावायचे आम्ही हमखास विसरतो. आम्हाला त्याचा उपयोग नसला तरी कॅमेऱ्याला असतो.) बी आणि आठ, जी आणि सहा या जोड्या मात्र दोन्ही शक्य असतात. तिथे दोन-तीनदा वाचून बघावे आणि मग एखाद्या डोळस माणसाला फक्त तेवढेच अक्षर विचारावे.

फक्त तेवढेच, हे मुद्दाम म्हणतो. पूर्ण की कोणाला वाचायला दिली की ती त्याच्याकडे गेली. आपली माणसे चांगली आहेत, पण स्टिकरचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारी माणसेही आपलीच आहेत. बी माय आइज या अ‍ॅपवर जगभरचे स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर डोळे बनून मदत करतात. २०१५ पासून ती सोय आहे आणि आम्ही ती आनंदाने वापरतो, डाळीच्या पाकिटावरची तारीख वाचायला, शर्टाचा रंग विचारायला. परवान्याचा कोड वाचायला नाही. आपण होऊन फोन करून 'तुमच्या विंडोजची की सांगा, नाहीतर संगणक बंद पडेल' म्हणणाऱ्यांना तर काहीच सांगू नका.

नंबर कुठे लिहून ठेवावेत याबद्दल आमच्यात थोडा वाद आहे. दोघे जण पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम वापरतात, दोघे साधी नोटपॅडची फाईल. नोटपॅडवाल्यांचे म्हणणे असे की ती फाईल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही स्क्रीन रीडरने उघडते. यात तथ्य आहे. पासवर्डवाल्यांचे म्हणणे असे की पेन ड्राइव्ह हरवला तर सगळे उघड्यावर. यातही आहे. एका गोष्टीवर मात्र चौघांचे एकमत आहे, एक्सेलमध्ये ठेवू नका. १५ पेक्षा जास्त अंकांचा नंबर एक्सेलमध्ये तसाच टाकला की पंधराव्यानंतरच्या अंकांची शून्ये होतात, आणि सुरुवातीचे शून्य असेल तर ते गळूनच जाते. दिसणाऱ्याला निदान काहीतरी विचित्र झालेले दिसते. आम्हाला ते कळते तेव्हा मूळ कागद फेकून दिलेला असतो.

आणखी एक खड्डा खास मराठी वापरणाऱ्यांसाठी आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि नंबर टाइप केला तर काही मांडण्यांत अंक देवनागरी पडतात. आवाज मराठी लावलेला असेल तर इंग्रजी एक आणि देवनागरी १, दोन्हीला तो 'एक'च म्हणतो. कानाला नंबर बरोबर, पण प्रोग्राम म्हणतो चुकीचा. आमच्यातल्या शिक्षिकाबाईंनी एक संध्याकाळ यात घालवली. म्हणून नंबराच्या कामापुरता कीबोर्डही इंग्रजी करावा आणि आवाजही.

फाईलमध्ये नुसता नंबर ठेवून भागत नाही. प्रोग्रामचे नाव आणि आवृत्ती, कोणत्या संगणकावर टाकला, कधी घेतला, कोणाकडून, कोणत्या ई-मेलवर, बिल कुठे आहे, परवाना कधी संपतो, हे सगळे त्याच्याखाली. आणि नंबर दोनदा लिहावा. एकदा सलग, म्हणजे तो कॉपी करून थेट पेस्ट करता येतो, टाइप करायचा प्रश्नच राहत नाही. दुसऱ्यांदा गावांच्या नावांसह, म्हणजे फोनवर सांगायची वेळ आली तर वाचत जाता येते. जुनी फाईल सापडली आणि त्यात विंडोजच्या तीन की असल्या, तर या संगणकाची कोणती ते ओळखायची सोय आहे. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून एसएलएमजीआर, मग जागा, मग तिरकी रेघ, मग डीएलआय असे लिहून एंटर केले की थोड्या वेळाने एक चौकट येते. तिच्यात चालू कीची शेवटची पाच अक्षरे असतात. पूर्ण की ती सांगत नाही, पण ओळख पटायला पाच पुरतात.

ब्रेलबद्दल आता लिहितो, कारण आमच्यातल्या दोघांचा अजून सर्वांत जास्त भरवसा ब्रेलवर आहे. वीज गेली, संगणक मुका झाला, फोनची बॅटरी संपली, तरी जाड कागदावरचे ठिपके वाचता येतात. जॉजच्या सीडीच्या डब्यावर कोड ब्रेलमध्येही असायचा. रद्दीत गेलेल्या त्या डब्यावरही होता, पण घरच्यांच्या बोटांना तो खरखरीत प्लास्टिकसारखाच लागला असणार.

पण ब्रेलमध्ये की लिहिण्यात एक मोठी फसगत आहे आणि आम्ही दोनदा फसलो. ब्रेलमध्ये अंकांना स्वतःच्या खुणा नाहीत. ए पासून जे पर्यंतची दहा अक्षरेच, आधी अंकचिन्ह लावले की, एक ते नऊ आणि शून्य होतात. अंकचिन्ह म्हणजे ३, ४, ५, ६ हे ठिपके. त्याचा अंमल पुढेही चालू राहतो. समजा की मध्ये सात आणि त्याला लागून बी आहे. अंकचिन्ह, मग सातासाठी जी, मग बी असे लिहिले, तर वाचणारा ते बहात्तर वाचणार, कारण बी चे ठिपके म्हणजेच दोन. विंडोजच्या कीमधली बी, सी, डी, एफ, जी, एच, जे ही सात अक्षरे या सापळ्यात येतात. उपाय शाळेत शिकवलेला असतो, पण मराठी मजकुरात त्याची फारशी गरज पडत नाही म्हणून विसरायला होतो. अंकानंतर अक्षर आले की त्याच्याआधी अक्षरचिन्ह द्यायचे, ५ आणि ६ हे ठिपके. आम्ही आता प्रत्येक पाचाचा गट नव्या ओळीवर लिहितो आणि अंकचिन्ह-अक्षरचिन्ह दर वेळी देतो, जागा जास्त गेली तरी चालेल. ज्यांचे इंग्रजी ब्रेल कच्चे आहे त्यांनीही बिचकू नये. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ब, क, ग, ज, प, म, र ही अक्षरे इंग्रजीतल्या बी, के, जी, जे, पी, एम, आर यांच्याच ठिपक्यांची आहेत.

आता पुन्हा त्या मुक्या संगणकाकडे येऊ. जवळ कोड असला तरी तो टाकायला संगणक आधी बोलायला हवा. याच्या दोन वाटा आहेत. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबले की तो बोलू लागतो. त्याच्यावर निभावून नेता येते. दुसरी वाट आम्हाला जास्त आवडते. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची. ती संगणकात बसवावी लागत नाही, तिला नंबर लागत नाही, पेन ड्राइव्ह लावला आणि चालू केली की बोलते. त्याच पेन ड्राइव्हवर नंबरांची फाईल ठेवली, पासवर्ड लावून, की काम झाले. जॉजची परवान्याविना प्रत ४० मिनिटे चालते, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. आमच्या मित्राने त्या अकरा दिवसांत असेच ४०-४० मिनिटांचे तुकडे करून थोडा अभ्यास केला. पोर्टेबल एनव्हीडीए हाताशी असते तर ते करावे लागले नसते.

एनव्हीडीएला नंबर का नाही आणि जॉजला का आहे, हे तरुण मुले विचारतात. जॉज टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी काढले. हेंटर मोटारसायकल शर्यतीत उतरणारे होते, १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्या काळी अशा प्रोग्रामला गिऱ्हाईक थोडे, मेहनत अफाट, म्हणून किंमत मोठी आणि परवान्याचा पहारा कडक. एके काळी जॉजचा परवाना फ्लॉपीवर असायचा, आणि तो फ्लॉपीवर परत न घेता हार्ड डिस्क फॉरमॅट केली की एक परवाना गेलाच. एनव्हीडीए मायकेल कुरन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केले. डोळसाला पडदा बघायला वेगळे पैसे पडत नाहीत, मग आंधळ्याने तो ऐकायला का द्यावेत, असा तो विचार आहे. आमचे मत विचाराल तर शिकणाऱ्याने एनव्हीडीएपासूनच सुरुवात करावी, आणि ऑफिसऐवजी लिबर ऑफिस चालत असेल तर तेही घ्यावे. सांभाळायचा नंबर जितका कमी तितके बरे. पण नोकरीच्या ठिकाणी काही प्रोग्रामांशी जॉजच नीट बोलते, असे आमच्या नोकरीवाल्या सभासदाचे म्हणणे आहे, आणि त्याच्या मताला आम्ही मान देतो, कारण महिन्याचा पगार त्याच्यावर चालतो.

दुरुस्तीला देतानाही आता आम्ही एक करतो. संगणक हातात देण्याआधी साध्या हिंदीत एक चिठ्ठी टाइप करून छापून त्यावर चिकटवतो, 'फॉरमॅट करने से पहले फोन करें', आणि खाली नंबर. तोंडी सांगितलेले दुकानातल्या गर्दीत विसरले जाते, आणि त्यात त्या पोराचा तरी काय दोष, दिवसाला दहा संगणक येतात. चिठ्ठी लावल्यापासून दोनदा फोन आला आहे.

गावांच्या नावांचा तक्ता आम्ही ब्रेलमध्ये आणि मोठ्या अक्षरांत, दोन्ही करून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन जावा. क्यू आणि एक्ससाठी कोणाला आपल्या भागातले गाव सुचले तर तेही सांगावे. आणि येत्या दिवाळीत माळा आवरताना सीडीचा डबा हाती लागला, तर रद्दीत टाकण्याआधी त्याच्या मागच्या बाजूवरून एकदा बोट फिरवून बघा.